चार अक्षरांच्या पाट्या: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातला हा टेरी टॉवेलचा कारखाना. माग, शिलाई, चेकिंग आणि पॅकिंग एकाच आवारात, रंगाई मात्र बाहेरच्या डाईंग हाऊसकडे. साठ-सत्तर माणसांचा राबता. मागावर पुरुष, शिलाई-चेकिंगला बहुतेक बायका. आवारात तेलुगू, मराठी, कन्नड आणि दखनी अशा चारही भाषा चालतात. ऑफिसच्या काचेच्या दाराआत गेलं की हिंदी आणि इंग्रजी सुरू होते, कारण मुंबईचा एजंट तिथे फोनवर असतो. माल त्याच्यामार्फत आखाती देशांतल्या हॉटेलांना जातो.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांचा उल्लेख कारखान्यात हाक मारतात तसाच ठेवला आहे. मालक अण्णा. पुण्यात व्यवस्थापन शिकून परत आलेला त्यांचा मुलगा, छोटे मालक. चेकिंगच्या प्रमुख अक्का; लग्न होऊन आल्यापासून टॉवेलावरच हात बसलेला. उत्पादन आणि डिस्पॅच सांभाळणारे सुपरवायझर मामा. शहरात असा एक टेम्पोवाला नसेल, ज्याच्याशी मामांची ओळख नाही.

दिवाळीनंतर छोट्या मालकांनी ऑफिसातली माणसं, सुपरवायझर आणि पॅकिंगमधले काही जण मिळून वीसेक जणांकडून इंटरनेटवरची एक फुकट व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. माणसांचे सोळा प्रकार पाडणारी, चार अक्षरांत निकाल देणारी. प्रश्न इंग्रजीत होते. ते मराठीत सांगायचं काम छोटे मालक आणि अकाउंटंट करत होते आणि समोरचा माणूस दोघांच्या देखत उत्तर देत होता. निकाल लॅमिनेट करून प्रत्येकाच्या टेबलावर पाटी लागली. अक्कांची ‘आयएसटीजे’, मामांची ‘ईएसएफपी’.

यामागे छोट्या मालकांचा हेतू मनापासूनचा होता. पुढे मला सल्ल्यासाठी बोलावलं तेव्हा ते म्हणाले, “अण्णा माणसं अंदाजानं सांभाळतात. मला ती समजून घेऊन सांभाळायची होती.” ही इच्छा मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या किती कारखान्यांत माणसाचा स्वभाव हा विचार करण्याचा विषय मानला जातो?

या सोळा प्रकारांचं मूळ स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांत आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या, प्रत्येक जोडीतून एक अक्षर: माणूस अंतर्मुख (आय) की बहिर्मुख (ई), तपशिलातला की कल्पनेतला, तर्काने ठरवणारा की भावनेने, आखून चालणारा (जे) की वेळेवर बघू म्हणणारा (पी). इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक फुकट चाचण्या या साच्याच्या नकला आहेत.

निकाल वाचून जवळजवळ सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यात नवल नाही. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं ‘स्वतंत्र’ स्वभाववर्णन दिलं आणि ते किती लागू पडतं ते ५ पैकी गुणांत विचारलं. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तो फोरर यांनी एका ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेला होता.

अडचण

पाट्या लागल्यावर महिनाभरात तीन गोष्टी घडल्या.

मामांनी डिस्पॅचचं साप्ताहिक वेळापत्रक लिहिणं सोडलं. विचारलं की पाटीकडे बोट दाखवायचे: “माझ्यात शेवटचं अक्षर पी आहे, मला आखून जमत नाही.” त्याच सुमारास त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने घरी मोबाईलवर तीच चाचणी त्यांना पुन्हा द्यायला लावली. शेवटचं अक्षर ‘जे’ आलं. मामांनी ही हकिकत कारखान्यात सगळ्यांना रंगवून सांगितली, पण टेबलावरची पाटी आणि तिच्या आधाराने मिळालेली सूट दोन्ही कायम राहिल्या.

पॅकिंगचा एक तरुण मुलगा कार्टन तीन-तीनदा मोजायचा, रात्री झोप लागत नाही म्हणायचा. त्याच्या चार अक्षरांत या धास्तीचा मागमूस नव्हता, कारण त्या साच्यात चिंतेला जागाच ठेवलेली नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग पडली. छोट्या मालकांनी अक्कांना साप्ताहिक बैठकीतून आणि बायरबरोबरच्या व्हिडिओ कॉलमधून मोकळं केलं. अक्का अंतर्मुख आहेत, बैठकीत त्यांना अवघडल्यासारखं होतं, मग उगाच त्रास कशाला, असा त्यांचा विचार. बायरशी बोलायला ‘ई’वाले मामा पुढे झाले.

सिद्धेश्वर यात्रेच्या आधीच्या गडबडीत मोरपंखी रंगाची एक ऑर्डर होती. प्रत्येक सेटमध्ये एक आंघोळीचा टॉवेल आणि दोन हात-टॉवेल. डाईंग हाऊसकडून मोठे टॉवेल एका लॉटमध्ये आले, छोटे दुसऱ्या. पॅकिंगच्या ट्यूबलाईटखाली दोन्ही सारखे दिसत होते. अक्कांची पद्धत अशी, की प्रत्येक लॉटमधला दोन बोटं रुंदीचा तुकडा कापायचा, शेड रजिस्टरमध्ये स्टेपल करायचा, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन आधीच्या तुकड्याशेजारी धरायचा आणि खाली तारीख टाकून शेरा लिहायचा. मी ते पान पाहिलं. दोन तुकडे शेजारी, एकात हिरवटपणा स्पष्ट जास्त, आणि खाली निळ्या बॉलपेनने मराठीत लिहिलेलं: “छोटा माल हिरवा मारतो. एका सेटमध्ये भरू नये.” मामांना त्यांनी तोंडीही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. बायरने शेडबद्दल विचारलं, मामा म्हणाले ओके आहे. कंटेनर गेला. हॉटेलच्या उजेडात सेट उघडल्यावर फरक दिसला आणि बायरने बिलात मोठी कपात केली.

त्यानंतरच्या बैठकीत भांडण स्वभावावरून झालं. अक्का ठासून बोलत नाहीत, मामा बेफिकीर आहेत, छोटे मालक पुस्तकी आहेत. रजिस्टर कोणीच उघडलं नाही. मला बोलावलं गेलं ते या टप्प्यावर.

कोणते पर्याय समोर होते

अण्णांचा कल सरळ होता: मामांना रात्रपाळीला टाकायचं आणि चेकिंगला इंग्रजी येणारा एखादा डिप्लोमाधारक आणायचा. यात बदल लगेच दिसला असता. पण डोळ्यांनी शेड ओळखणारी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत. शिवाय नव्या माणसालाही त्या बैठकीत कोणी विचारलं नसतं, तर निकाल तोच लागला असता.

छोट्या मालकांना प्रशिक्षण हवं होतं. होटगी रोडच्या एखाद्या हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा, कोणत्या प्रकाराच्या माणसाशी कसं वागायचं ते शिकवणारी. मी याला स्पष्ट विरोध केला. नुकसान ज्या पाट्यांच्या आधारे झालं, त्या पाट्या अशा कार्यशाळेने आणखी पक्क्या झाल्या असत्या.

तिसरा पर्याय माझ्याकडून आला, कारण तो मांडल्याशिवाय चर्चा प्रामाणिक झाली नसती: संशोधनाचा चांगला आधार असलेली पंचघटक प्रश्नावली प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून भरून घेणं. नावीन्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच घटक. यात माणसाला खोक्यात टाकत नाहीत, प्रत्येक घटकावर तो कमी-जास्त कुठे आहे ते बघतात. अण्णांना मी त्यांच्याच मालाचं उदाहरण दिलं. ४४८ आणि ४५२ जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) दोन टॉवेल हातात घेतले तर फरक कळत नाही. पण ४५० वर रेघ मारून एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड लिहिलं, तर शेजारचे दोन टॉवेल दोन जातींचे होऊन बसतात. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. रेघेजवळच्या माणसाचं एखादं उत्तर इकडचं तिकडे झालं की अक्षर बदलतं. मामांचं तेच झालं होतं.

तरीही हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला. पाटीचा अनुभव ताजा असताना आणखी एक चाचणी म्हणजे पगारवाढीशी जोडलेलं काहीतरी, असाच अर्थ लोकांनी घेतला असता. मराठीत आणि तेलुगूत नीट तपासून घेतलेली प्रश्नावली हाताशी नव्हती. आणि मी अण्णांना विचारलं, की निकाल काहीही आला तरी आपण कोणता निर्णय वेगळा घेणार आहोत? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

उरलेला पर्याय सगळ्यांत साधा: काही दिवस काम कसं चालतं ते बघायचं आणि निर्णय कोणाच्या हातून कसा जातो त्याची मांडणी बदलायची. अण्णांची शंका रास्त होती: “म्हणजे स्वभाव काही नसतोच का?”

स्वभाव असतो. १९९१ मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले तेव्हा काटेकोरपणाचा संबंध त्यांनी पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांतल्या कामगिरीशी आढळला. बहिर्मुखतेचा संबंध मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामांत दिसला. पण हे संबंध माफक आहेत. एखाद्या माणसाचं एखाद्या दिवशीचं वागणं त्यावरून सांगता येत नाही. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: तोच माणूस प्रसंग बदलला की वेगळा वागतो. पुढे त्यावर बरीच वर्षं वाद झाला. आज बहुतेक संशोधक स्वभाव आणि प्रसंग दोन्ही धरून चालतात. कारखान्यात यातला बदलता येण्यासारखा भाग प्रसंगाचा आहे, म्हणून सुरुवात तिथून करायची असं ठरलं.

काय केलं

पहिले काही दिवस मी फक्त चेकिंग टेबलाशी उभी होते. तिथल्या अक्का वेगळ्याच होत्या. तेलुगूत अखंड बोलणं, शिलाईच्या पोरींना हाका, डाईंगच्या माणसाशी फोनवर चढा आवाज, मधूनच हसणं. याच बाई काचेच्या दाराआत आल्या की खुर्चीच्या टोकावर बसायच्या आणि हिंदी-इंग्रजीत चाललेलं बोलणं ऐकत राहायच्या. चाचणीतला ‘लोकांसमोर बोलताना तुम्हाला कसं वाटतं’ अशा अर्थाचा प्रश्न त्यांना याच खोलीत, छोटे मालक आणि अकाउंटंट यांच्यासमोर विचारला गेला होता. त्यांनी खरं उत्तर दिलं, पण ते त्या खोलीपुरतं खरं होतं.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला बैठकीतून मोकळं केलं तेव्हा काय वाटलं? त्या म्हणाल्या, “मला बोलता येत नाही म्हणून काढलं म्हणे. मला कोण विचारलं तर ना.”

मामांच्या बाबतीत उलगडा दुसऱ्या दिशेने झाला. त्यांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी त्यांचा दिवस बघितला नव्हता. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगहून मागाचे बीम उशिरा, टेम्पो अडकलेला, मागावर माणूस गैरहजर, आणि प्रत्येक फोनला मामांचं एकच उत्तर: “होऊन जाईल.” त्यांचा अडसर नाही म्हणता न येणं हा होता. पंचघटकांच्या भाषेत, जुळवून घेण्याची वृत्ती फार वरच्या टोकाला. याच गुणामुळे भर दुपारी, पारा चाळिशीच्या वर गेलेला असतानाही लोक त्यांच्या शब्दावर थांबून काम करतात. आणि याच गुणामुळे बायरने शेडबद्दल विचारल्यावर तोंडातून हो निघून गेलं.

यावरून तीन बदल ठरले.

एकाच सेटमधला माल एकापेक्षा जास्त लॉटमधून येत असेल, तर शेड रजिस्टरच्या पानावर अक्कांची सही झाल्याशिवाय पॅकिंग सुरू करायचं नाही. ही सही मामांच्याच नव्हे, छोट्या मालकांच्याही वरची. अण्णांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याचा परिणाम मोठा झाला.

साप्ताहिक बैठकीची सुरुवात रजिस्टरची त्या आठवड्यातली पानं वाचून करायची. पानावर लिहिलेलं कोणीही वाचू शकतं, त्याला आवाज लागत नाही. अक्कांनी तेलुगूत बोलायचं, मामांनी किंवा अकाउंटंटनी सांगायचं. बायरच्या कॉलमध्ये तुकडे खिडकीशी धरून कॅमेऱ्यासमोर दाखवायचे.

मामांना एक वाक्य दिलं: “सही झाली की सांगतो.” नाही म्हणायची जबाबदारी त्यांच्या स्वभावावरून काढून नियमावर टाकली. वेळापत्रक त्यांनी रोज सकाळी दहा मिनिटांत, फक्त पुढच्या दोन दिवसांचं लिहायचं. आठवड्याचा आग्रह सोडला.

पाट्यांचा प्रश्न नाजूक होता. अण्णा म्हणाले, रात्री काढून टाकू, सकाळी कोणी विचारणार नाही. तसं केलं असतं तर मुलाचा प्रयोग बापाने गुपचूप मोडला, अशी कुजबुज सगळ्या आवारात झाली असती आणि छोट्या मालकांनी पुन्हा काही नवं करायचं धाडस केलं नसतं. मी आग्रह धरला की पाट्या त्यांनीच, दिवसाउजेडी, कारण सांगून काढाव्यात. त्यांनी ते फार चांगलं केलं. लोकांना म्हणाले की मोबाईलवरच्या चाचणीवरून कोणाचं काम ठरवणं बरोबर नव्हतं, इथून पुढे कोणाचं काम बदलायचं असेल तर आधी त्याला विचारीन. पॅकिंगमधल्या एका मुलीने तिची पाटी मागून घेतली. तिच्या निकालात लिहिलं होतं की ती माणसांना धरून ठेवते. आपल्याबद्दल असं चांगलं कोणी लिहिलेलं तिने पहिल्यांदाच वाचलं होतं. स्वभावाबद्दल बोलण्याची भूक कामाच्या जागी असते, आणि या चाचण्या तिला निदान तोंड फोडतात. हा त्यांचा उपयोग मी नाकारणार नाही.

निष्पत्ती

त्या बायरकडून शेडची तक्रार नंतर आलेली नाही. एका ऑर्डरला अक्कांनी सही नाकारली, छोटा माल परत रंगाईला गेला आणि डिस्पॅच लांबला. मामा दोन दिवस धुसफुसले, एजंटाचा फोन त्यांनी नेहमीच्या गोडव्याने सांभाळला. बहिर्मुख माणसाचं बळ तिथे कामाला आलं.

अक्का बैठकीत आजही कमी बोलतात. भाषेची अडचण दूर झाल्यावर त्या घडाघडा बोलू लागतील अशी छोट्या मालकांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. परक्या माणसांत त्या खरोखर गप्प राहणाऱ्या आहेत, ओळखीच्यांत नाहीत. पान वाचलं जातं, त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्याने आता माल अडत नाही किंवा चुकीचा जात नाही.

पॅकिंगचा तो तरुण मुलगा मात्र उन्हाळ्यात काम सोडून गेला. मोजणीची जबाबदारी दोघांत वाटायचं ठरेपर्यंत उशीर झाला होता. सगळं लक्ष शेडच्या प्रकरणावर एकवटलं, कारण तिथे पैसे गेले होते. त्याच्या धास्तीचं बिल कोणी पाठवलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू चाचणी घेण्याच्या आधीचा. ऐच्छिक ठेवली असती, प्रत्येकाने आपल्या भाषेत एकट्याने भरली असती आणि निकाल फक्त ज्याचा त्याला दिला असता, तर गप्पांना चांगला विषय मिळाला असता आणि तेवढ्यावर थांबलं असतं.

दुसरा, अक्कांना बैठकीतून वगळण्याचा. इथे चाचणी नसती तरीही चूक होऊ शकली असती. तुमच्या भल्यासाठी म्हणून माणसाला निर्णयाच्या जागेवरून उठवणं आपल्याकडे फार सहज घडतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. दोन मिनिटांचं विचारणं पुरलं असतं.

तिसरा, कपात झाल्यानंतरच्या बैठकीचा. स्वभावांवर बोलण्याआधी तारखेनुसार काय घडलं ते मांडलं असतं, तर रजिस्टर त्याच दिवशी उघडलं गेलं असतं आणि बाहेरच्या माणसाला बोलवायची कदाचित गरजही पडली नसती.

सहीच्या नियमात एक उणीव राहिली. अक्का भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हा माल अडून राहिला. चेकिंगमधल्या आणखी एकीला तुकडे ओळखायला शिकवणं आणि सहीचा अधिकार देणं सुरुवातीलाच व्हायला हवं होतं. ते आता सुरू झालं आहे. एका माणसाच्या काटेकोरपणावर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाच्या रजेच्या दिवशी मोडते.

छोट्या मालकांनी अलीकडे विचारलं, नवा मर्चंडायझर (बायरच्या ऑर्डरी सांभाळणारा) नेमताना तरी ही चाचणी घेऊ का? मूळ चाचणीचे प्रकाशकच ती नोकरभरतीसाठी वापरू नये असं सांगतात, हे मी त्यांना दाखवलं. त्याऐवजी आम्ही मुलाखतीत एक छोटं काम ठेवलं आहे. उमेदवारासमोर एकाच रंगाचे दोन लॉटचे तुकडे आणि बायरचा घाईचा ईमेल ठेवायचा, अर्धा तास द्यायचा आणि तो काय करतो ते बघायचं: उत्तर लगेच टाईप करतो, तुकडे उचलून खिडकीकडे नेतो, की चेकिंगला जाऊन कोणाला तरी विचारतो. मुलाखत घेणाऱ्यांत अक्का आहेत. पहिल्या दोन उमेदवारांपैकी एकालाही त्यांनी पसंती दिलेली नाही, तिसऱ्याची मुलाखत अजून व्हायची आहे.